कॉलेज बेसबॉलचे होम रन: मैदान आणि वारा कसा वाचायचा

अमेरिकेत शिकणाऱ्या मुलांमुळे कॉलेज बेसबॉल आता बऱ्याच मराठी घरांत बघितला जातो. क्रिकेटच्या सवयीने आपण होम रनला षटकार समजतो आणि सीमारेषा किती लांब आहे एवढंच विचारतो. प्रश्न बरोबर आहे, पण पुरेसा नाही. माझ्या मते कुंपणाच्या अंतरापेक्षा वारा आधी बघावा, आणि वाऱ्याच्याही आधी मैदानाचं तोंड कुठे आहे ते बघावं. याचं सगळ्यात चांगलं उदाहरण म्हणजे नेब्रास्का राज्यातलं ओमाहा शहर. कॉलेज वर्ल्ड सिरीज, म्हणजे कॉलेज बेसबॉलचा राष्ट्रीय विजेता ठरवणारी स्पर्धा, १९५० पासून तिथेच होते.

२०१० पर्यंत हे सामने रोझेनब्लॅट स्टेडियमवर होत. १९९८ च्या स्पर्धेत तिथे ६२ होम रन झाले. अंतिम सामन्यात दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाने ॲरिझोना स्टेटला २१-१४ असं हरवलं. २०११ मध्ये स्पर्धा नव्या मैदानावर गेली. आज त्याचं नाव चार्ल्स श्वाब फील्ड आहे. तिथे २०१३ च्या अख्ख्या स्पर्धेत होम रन झाले फक्त ३, आणि २०१४ मध्ये पुन्हा ३. मैदान फार मोठं झालं म्हणावं, तर तसंही नाही. दोन्हीकडे मधलं कुंपण ४०८ फुटांवरच. मग बदललं काय? ते शोधायची रीत कुठल्याही मैदानाला लागू पडते, म्हणून ती इथे क्रमाने देतो.

१. आधी कुंपणाचे पाच आकडे लिहून घ्या

डावा फाउल पोल, डावीकडची फट, मध्य, उजवीकडची फट, उजवा फाउल पोल. खेळाच्या कडेच्या हद्दीची रेघ म्हणजे फाउल रेघ, आणि ती कुंपणाला मिळते तिथला खांब म्हणजे फाउल पोल. मधल्या आणि कडेच्या क्षेत्ररक्षकांमधली मोकळी जागा म्हणजे फट. श्वाब फील्डवर हे आकडे ३३५, ३७५, ४०८, ३७५, ३३५ फूट आहेत. टेनेसी विद्यापीठाच्या लिंडसी नेल्सन स्टेडियमवर २०२४ च्या हंगामात ते ३२०, ३६०, ३९०, ३६०, ३२० होते, म्हणजे सगळीकडे पंधरा-अठरा फुटांनी कमी. लोक मधला आकडा बघून मैदान मोठं की लहान ते ठरवतात. मी फटींचे आकडे आधी बघतो. अगदी सरळ मध्यात मारलेला चेंडू बहुतेक मैदानांवर अडतोच. फटीतलं कुंपण ३६० वर आहे की ३७५ वर, यावर मात्र बरेच होम रन अवलंबून असतात.

कुंपणाची उंचीही टिपून ठेवा. उंच फटका खाली येताना बराच तिरका येतो, त्यामुळे भिंत दहा फुटांनी उंच असेल तर ती साधारण तेवढीच लांब नेल्यासारखी होते.

२. मैदानाचं तोंड शोधा

नकाशाच्या ॲपमध्ये उपग्रहाचं चित्र उघडा आणि होम प्लेटपासून (फलंदाज उभा राहतो ती जागा) मध्याच्या कुंपणापर्यंत रेघ ओढल्याची कल्पना करा. ती रेघ कोणत्या दिशेला जाते? खेळाच्या नियमावलीची शिफारस पूर्व-ईशान्येची आहे, म्हणजे दुपारचं ऊन फलंदाजाच्या डोळ्यांवर येत नाही. पण ती शिफारसच आहे, शहरातल्या जागेप्रमाणे मैदान वळवावं लागतं. श्वाब फील्डचं तोंड आग्नेयेला आहे.

३. वारा त्या रेघेवर ठेवा

इथे थोडं थांबून विचार करा, कारण चूक इथेच होते. हवामानखातं वारा ज्या दिशेकडून येतो त्या दिशेने सांगतं. ‘दक्षिणेचा वारा’ म्हणजे दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहणारा.

ओमाहात जूनमध्ये दक्षिणेचा वारा नेहमीचा. आता तुम्ही होम प्लेटवर उभे आहात आणि तोंड आग्नेयेला आहे. उजवी फाउल रेघ जवळजवळ दक्षिणेला जाते, डावी जवळजवळ पूर्वेला. म्हणजे उजवीकडे मारलेल्या फटक्याला हा वारा थेट समोरून भिडतो, मध्याकडच्या फटक्याला तिरका समोरून, आणि डाव्या रेघेवरच्या फटक्याला आडवा लागतो. रोझेनब्लॅटवर हाच वारा फलंदाजाच्या पाठीशी असायचा.

ढोबळ हिशेब असा: ४०० फुटांच्या फटक्याला ताशी ८ किलोमीटरचा वारा पाठीमागून मिळाला तर तो अठरा-वीस फूट पुढे जातो, समोरून आला तर साधारण तेवढाच मागे राहतो. दक्षिणेचा वारा ताशी २० किलोमीटरचा आहे असं समजा. मध्याच्या रेघेशी त्याचा कोन ४५ अंशांचा, म्हणून समोरून लागणारा भाग ०.७ पट, सुमारे १४ किलोमीटर. मध्यात ४१५ फूट जाणारा फटका तीसेक फूट अलीकडे उतरतो आणि सेंटर फील्डर, म्हणजे मध्यातला क्षेत्ररक्षक, तो आरामात पकडतो. उजव्या रेघेवर तर ३७० फुटांचा फटकाही ३३५ च्या कुंपणाशी अडू शकतो.

मैदानावरचा झेंडा बघा, पण त्यावरच विसंबू नका. प्रेक्षकांच्या गॅलऱ्या खालचा वारा अडवतात. उंच चेंडू त्या आडोशाच्या वर जातो आणि तिथे खरा वारा त्याला गाठतो.

४. तापमान, उंची आणि दमटपणा

कॉलेजचा हंगाम फेब्रुवारीच्या मध्यात सुरू होतो. पाच अंश सेल्सियसच्या गारठ्यात मारलेला आणि मे महिन्यात तीस अंशांना मारलेला तोच फटका यांत १२ ते १५ फुटांचा फरक पडतो, कारण गरम हवा विरळ असते. म्हणून फेब्रुवारीतले आकडे मेच्या आकड्यांशेजारी ठेवून फलंदाज सुधारला असं म्हणू नये.

समुद्रसपाटीपासूनच्या उंचीचा परिणाम याहून मोठा. न्यू मेक्सिको विद्यापीठाचं आल्बुकर्कीतलं मैदान दीड हजार मीटरांहून उंच आहे. एवढ्या उंचीवर ४०० फुटांचा फटका वीस ते तीस फूट जास्त जातो. अशा ठिकाणी कुंपण लांब दिसलं तरी मैदान फलंदाजाच्या बाजूचंच असू शकतं.

दमट हवा आपल्याला जड वाटते, पण प्रत्यक्षात ती कोरड्या हवेपेक्षा किंचित हलकी असते. उड्डाणावर तिचा परिणाम फूटभराचा, सोडून द्या. चेंडू दमट जागी ठेवले तर मात्र ते मऊ पडतात आणि बॅटवरून कमी वेगाने सुटतात.

५. बॅट आणि चेंडू वेगळे काढा

ओमाहातली घसरण सगळी वाऱ्यावर ढकलणं अन्यायाचं ठरेल. नवं मैदान आलं त्याच वर्षी, २०११ मध्ये, बीबीसीओआर मानकाच्या (बॅटवरून चेंडू किती जोरात उसळावा याला मर्यादा घालणारं मानक) कमी जोरकस बॅटी सक्तीच्या झाल्या. मग २०१५ मध्ये बसक्या शिवणीचा चेंडू आला. वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत ताशी ९५ मैल वेगाने आणि २५ अंशांत सोडल्यावर उठावाच्या शिवणीचा चेंडू ३६७ फूट गेला, बसक्या शिवणीचा ३८७. वीस फुटांचा हा फरक नुसत्या शिवणीचा. मैदान तेच आणि वाराही तोच, तरी त्या वर्षीच्या स्पर्धेत होम रन वाढले. म्हणून दोन वर्षांची तुलना करण्याआधी मधे साहित्य बदललं का, हे तपासाच.

६. घरचे आणि बाहेरचे सामने ताडून बघा

घरच्या मैदानावर दोन्ही संघांनी मिळून सामन्यामागे किती होम रन मारले, आणि त्याच संघाच्या बाहेरच्या सामन्यांत दोघांनी मिळून किती, याचा भागाकार करा. समजा घरी २.५ आणि बाहेर २.०, तर उत्तर १.२५. मैदान होम रनला पोषक आहे. दोन्ही संघ धरायचे, म्हणजे नुसत्या यजमानांच्या ताकदीमुळे आकडा फुगत नाही. टेनेसीने २०२४ मध्ये १८४ होम रन मारले. मैदान लहान होतंच, पण तोच संघ त्या वर्षी ओमाहाच्या मोठ्या मैदानावर विजेताही ठरला. सगळं श्रेय कुंपणाला देऊन चालणार नाही.

कॉलेजच्या नियमित हंगामात सामने जेमतेम ५६, आणि सुरुवातीला मोठी विद्यापीठं दुबळ्या संघांना घरी बोलावतात. तेव्हा फक्त आपल्या कॉन्फरन्समधले, म्हणजे नेहमी एकमेकांशी खेळणाऱ्या विद्यापीठांच्या गटातले, सामने घ्या आणि निदान तीन-चार हंगाम एकत्र करा. मैदानाचं कुंपण मधेच हललं असेल तर त्याआधीची वर्षं गाळा. सामन्याच्या धावफलकात बहुधा तापमान आणि वाऱ्याची नोंद असते. तीही शेजारच्या रकान्यात भरा, आणि वारा बाहेर वाहणारे व आत वाहणारे दिवस वेगळे मोजा.