लाँगइयरब्येनचे डोंगर गेले कुठे?

ओझरहून उड्डाण केलं की एक्स-प्लेन ११ या विमान उडवायच्या सिम्युलेटरमध्ये ब्रह्मगिरी, अंजनेरी, दक्षिणेला कळसूबाई, सगळं जागच्या जागी दिसतं. म्हणून गणपतीच्या सुट्टीत हौसेने त्यातच उत्तर ध्रुवाजवळच्या नॉर्वेच्या बेटांवर, स्वालबार्डला गेलो, तर खाली नुसतं पाणी आणि पाण्यावर तरंगणारी तिथल्या लाँगइयरब्येन गावाची धावपट्टी! कळसूबाईपेक्षाही उंच, १,७१३ मीटरचं न्यूटनटोपेन शिखर गायब. दोन रात्री सिम्युलेटर काढून पुन्हा टाकत बसलो. तुम्ही तो उद्योग करू नका.

बिघाड आपल्याकडे नसतो. ११ ची मूळ सीनरीच, म्हणजे सोबत येणारा जमिनीचा देखावाच, ७४ उत्तर अक्षांशापाशी संपते. उत्तरेकडच्या उंचीच्या माहितीची मुळातच वानवा होती. फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर यानाने रडारने जमीन मोजली, पण कक्षा ५७ अंश कललेली, त्यामुळे मोजणी झाली ६० उत्तर ते ५६ दक्षिण एवढीच. सह्याद्री त्यात अख्खा आला, नॉर्वेचा बराचसा भाग बाहेर राहिला.

म्हणजे डोंगर आपणच आणायचे. ऑर्थो४एक्सपी (हवाई आणि उपग्रह चित्रांतून सीनरी बनवणारं सॉफ्टवेअर) उतरवून घ्या आणि टाइल, म्हणजे एक अंशाचा चौकोन, निवडा: अक्षांश ७८, रेखांश १५. उंचीची फाइल तो व्ह्यूफाइंडर पॅनोरामाज या वेबसाइटवरून स्वतःच आणतो. नाही आली तर तिथली स्वालबार्डची झिप हाताने उतरवा. एक खूण सांगतो: झिपमधल्या उंचीच्या प्रत्येक फाइलीत १२०१ गुणिले १२०१ बिंदू असतात, प्रत्येकाला दोन बाइट, म्हणजे आकार नेमका २८,८४,८०२ बाइट हवा. कमी भरला तर फाइल अर्धवट आली आहे. तशीच वापरू नका.

आता झूम लेव्हल, म्हणजे चित्रं किती बारीक हवीत तो आकडा. इथे माझा खिसा नाही, पण हार्डडिस्क कापली गेली. नाशिकसाठी मी १६ ठेवतो, सवयीने तिथेही १६ च ठेवली. सकाळी पाहतो तर डिस्क गच्च! ध्रुवाकडे नकाशा ताणला जातो, त्यामुळे त्याच लेव्हलला तिथे चौपटीहून जास्त चित्रं उतरतात. तिथली १४ म्हणजे आपल्याकडच्या १६ इतकीच बारीक, पिक्सेलला साधारण दोन मीटर. तेवढी पुरे.

ओव्हरले (रस्ते, घरं, झाडं यांचा वरचा थर) बनवायच्या भानगडीत पडू नका. तो मूळ सीनरीतून काढतात, आणि इथे मूळ सीनरीच नाही.

तयार टाइलचं फोल्डर एक्स-प्लेनच्या कस्टम सीनरी फोल्डरात टाका. तिथल्याच सीनरी पॅक्सच्या यादीत (scenery_packs.ini) विमानतळ वर, टाइल सगळ्यात खाली. उलटं झालं तर विमानतळ टाइलखाली दडपतो.

आणि तारीख जूनमधली ठेवा. माझी टाइल डिसेंबरात तयार झाली, सिम्युलेटर कॉम्प्युटरचीच तारीख घेत होता. तिथे तेव्हा भरदुपारीही सूर्य उगवत नाही. काळ्या पडद्याकडे बघत मी तिसऱ्यांदा सगळं काढायला निघालो होतो.