गोळी 'ई'ची आणि मशेरीही चालू? या चुका टाळा

दिवस राहत नाहीत म्हणून तपासण्या सुरू झाल्या की 'क' आणि 'ई' जीवनसत्त्वाच्या गोळ्याही सुरू होतात. त्यात तथ्य आहे. कॅडमियम, शिसं या विषारी धातूंमुळे ऑक्सिडेटिव्ह ताण (पेशींना इजा करणाऱ्या अस्थिर रेणूंचा भार) वाढतो आणि बीजांडकोशालाही त्याचा फटका बसतो. उंदरांवरच्या प्रयोगांत या जीवनसत्त्वांनी हा ताण कमी झालेला दिसतो. माणसांचं मात्र अजून पक्कं नाही: स्त्री-वंध्यत्वावर अँटिऑक्सिडंट (म्हणजे 'क', 'ई'सारखे असा ताण कमी करणारे घटक) देऊन झालेल्या चाचण्या एकत्र तपासणारा २०२० चा कॉक्रेन या संस्थेचा आढावा पुरावा कमकुवतच ठरवतो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे धातूची वाट उघडी ठेवून गोळी घेणं. तंबाखूचं रोप जमिनीतलं कॅडमियम पानांत साठवतं. तव्यावर काळीकुट्ट भाजली तरी तंबाखूतला धातू जळून जात नाही. तो मशेरीत उतरतो. डॉक्टरांनी "तंबाखू खाता का?" विचारलं की बायका प्रामाणिकपणे "नाही" म्हणतात, कारण मशेरी कुणी खात नाही, लावतात! तेव्हा आपणहून सांगा. मूत्रपिंडात साचलेलं कॅडमियम निम्मं व्हायलाच १० ते ३० वर्षं लागतात.

दुसरी चूक, लोहाकडे दुर्लक्ष. अंगात लोह कमी असलं की आतडं लोहाच्याच वाटेने कॅडमियम आणि शिसंही जास्त ओढून घेतं. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयोगटातल्या ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. म्हणून महागड्या कॅप्सूलआधी हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा दाखवणारी रक्ततपासणी) बघा. लोहाची गोळी लिंबूपाण्याबरोबर घ्या, चहा तासाभराने. 'क' जीवनसत्त्वाचा खरा उपयोग मला तरी इथेच जास्त दिसतो.

भस्मं डोळे झाकून घेऊ नका. नागभस्म म्हणजे शिशाचंच भस्म. २०११-१२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये भारतीय आयुर्वेदिक औषधं घेणाऱ्या ६ गर्भवतींना शिशाची विषबाधा झाल्याची नोंद आहे.

मात्रेचंही तसंच. 'क'ची रोजची गरज ६५ मिलिग्रॅम. एका पेरूत भागते. दोन-तीन मल्टिव्हिटॅमिन एकत्र घेत असाल तर लेबलवर 'अ' (रेटिनॉल) बघा: दिवसाला ३००० मायक्रोग्रॅमच्या वर गेलं तर गर्भात व्यंगाचा धोका. अ‍ॅस्पिरिन किंवा हेपरिन यांसारखं रक्त पातळ ठेवणारं औषध चालू असेल तर 'ई'ची मोठी मात्रा विचारल्याशिवाय नकोच.

बॅटरी, जुना रंग किंवा भस्म यांच्याशी संबंध आला असेल तर शिरेतल्या रक्ताची शिसं-तपासणी गर्भधारणेआधीच करून घ्या. हाडांत साठलेलं शिसं गरोदरपणात रक्तात उतरतं आणि बाळापर्यंत पोचतं.