असेटो कोर्सा नव्याने खेळताय? आधी ब्रेक मारायला शिका

रेसिंग गेमसाठी नवीन स्टिअरिंग व्हील घरी आलं की सगळे एकच करतात. पहिल्याच दिवशी फेरारी 458 काढायची, इटलीच्या मोंझा सर्किटला जायचं, सरळ रस्त्यावर तुफान पळवायची आणि पहिल्या वळणावर थेट बाहेर. दोन-चारदा असं झालं की ग्रुपवर मेसेज येतो, गेमचं फिजिक्स फालतू आहे, गाडी वळतच नाही. अरे बाबा, गाडी वळते, तुला ब्रेक मारता येत नाही एवढंच. आणि वर सल्ले देणारेही असे भारी की विचारू नका, कोणी म्हणतं महागडे पेडल घे, कोणी म्हणतं अमक्याचा सेटअप, म्हणजे गाडीची जुळवणी, डाउनलोड कर. काही गरज नाहीये.

मी असेटो कोर्सा धरून लिहितोय. इटलीच्या कूनोस सिमुलाझिओनीचा गेम, पूर्ण रिलीज डिसेंबर 2014, म्हणजे तसा म्हाताराच, पण त्यामुळे साध्या पीसीवरही पळतो आणि स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानाच्या सेलमध्ये बऱ्याचदा स्वस्तात मिळतो. बरेचसे ट्रॅक लेझर स्कॅन करून बनवलेत, त्यामुळे रस्त्यावरचा उंचवटा न उंचवटा हातात कळतो. आपल्याकडे खरं सर्किट बघायचं तर नोएडाजवळचं बुद्ध, नाहीतर चेन्नई किंवा कोइम्बतूर, मुंबईकराला वीकेंडला उठून जावं इतकं जवळ यातलं काहीच नाही, म्हणून हॉलच्या कोपऱ्यात इटलीतली इमोला आणि मुजेलो सर्किटं मिळणं ही माझ्यासाठी तरी फार मोठी गोष्ट आहे.

मांडणी. व्हील टेबलाला घट्ट आवळा. पेडल भिंतीला टेकवून ठेवा, नाहीतर टाइल्सवर सरकतात. चाकांची खुर्ची अजिबात नको, जोरात ब्रेक मारला की तुम्हीच मागे जाता, साधी प्लास्टिकची खुर्ची घ्या. पेडलखाली जुनी चादर घडी करून टाका, रात्री अकरानंतर ती धडधड खालच्या मजल्यावर व्यवस्थित ऐकू जाते आणि मग सोसायटीच्या मीटिंगमध्ये आपलं नाव निघतं.

व्ह्यू. फील्ड ऑफ व्ह्यू, म्हणजे स्क्रीनवर किती अंशाचं दृश्य दिसतं ते, कमी करा. 27 इंची मॉनिटर डोळ्यांपासून 60 सेंटीमीटरवर असेल तर साधारण 31 अंश. सुरुवातीला काहीच दिसत नाही असं वाटेल, वाटू द्या. रुंद व्ह्यूमध्ये वळण आहे त्यापेक्षा लांब दिसतं आणि ब्रेकचा अंदाज कायम चुकतो.

फोर्स फीडबॅक, म्हणजे गेम मोटरने व्हीलला जो जोर देतो तो. गेममधलं पेडल्स नावाचं छोटं ॲप स्क्रीनवर लावा. त्यातली फीडबॅकची दांडी वळणात सारखी लाल होत असेल तर गेन, म्हणजे त्या जोराचं प्रमाण, कमी करा. जड व्हील म्हणजे रिॲलिस्टिक व्हील, हा गैरसमज डोक्यातून काढून टाका. लाल झाली म्हणजे व्हीलची ताकद संपली, त्याच्या पुढचं काहीच हाताला कळणार नाही.

असिस्ट, म्हणजे गेमची मदत. आयडियल लाइन (रस्त्यावर आखून दाखवलेली रेषा) बंद, ऑटो गिअर बंद, एबीएस (ब्रेकमध्ये चाक लॉक होऊ न देणारं) आणि ट्रॅक्शन कंट्रोल (गॅस देताना चाक घसरू न देणारं) फॅक्टरीवर, म्हणजे खऱ्या गाडीत जे असेल तेवढंच मिळेल.

गाडी. ततूस एफए01. छोटी फॉर्म्युला गाडी, एबीएस नाही, ताकद बेताची. फेरारी नंतर.

आता ब्रेक. इथे लोक अडकतात, मीही बरेच महिने अडकलो होतो, त्यामुळे हे जरा सविस्तर.

पहिली अडचण आपल्या सवयीची. आपण मुंबईच्या जेव्हीएलआरवर (जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड) काय करतो, लांबून हलकासा ब्रेक, मग थोडा जास्त, आणि समोरच्या रिक्षाच्या मागे थांबताना सगळ्यात जोरात. सर्किटवर बरोबर उलटं लागतं. सगळ्यात जोरात दाबायचं ते सुरुवातीलाच, गाडी सगळ्यात वेगात असताना, आणि वेग उतरत जाईल तसा पाय सोडत आणायचा. कारण साधं आहे. ततूससारख्या विंग असलेल्या गाडीला हवा वेगात खाली दाबून धरते, टायरला पकड जास्त मिळते, म्हणून तेव्हा जोराचा ब्रेक सोसतो. वेग कमी झाला की तो दाब गेला, आणि पाय मात्र तसाच दाबलेला राहिला की चाक लॉक.

दुसरी अडचण गेमची स्वतःची, आणि माझ्या मते अशा सगळ्या गेमची हीच सगळ्यात मोठी कमतरता आहे. खंडाळ्याचा घाट उतरताना जोरात ब्रेक लागला की छाती सीटबेल्टवर येते, अंगाला लगेच कळतं किती दाबलंय ते. इथे तुम्ही खुर्चीत ढिम्म बसलेले असता. गाडी कितीही जोरात थांबू दे, अंगाला शून्य. त्यात साध्या व्हीलच्या पेडलला पाय किती खाली गेला एवढंच कळतं, जोर किती लावला ते नाही. मग उरतं काय, तर कान, हात आणि त्या पेडल्स ॲपमधली ब्रेकची दांडी. पुढचं चाक लॉक झालं की टायर किंचाळतो आणि त्याच क्षणी हातातलं स्टिअरिंग अचानक हलकं पडतं, रिकामं वाटतं. ते हलकं पडणं ओळखायला शिका, बाकी सगळं त्याच्यानंतर.

सराव असा करा. प्रॅक्टिस मोड, मोंझा, पहिली शिकेन (लागोपाठची उलटसुलट वळणं), तिचं नाव रेत्तिफिलो. वळायचंच नाहीये. वेगात या, अंतराची पाटी आली की सरळ रेषेत ब्रेक मारून गाडी पूर्ण थांबवा, बस. मुद्दाम इतकं दाबा की चाक लॉक होईल, दांडी कुठे होती ते बघा, पुढच्या वेळी त्याच्या जरा खाली. कंटाळवाणं आहे, माहितीये, तरी करा. पेडल नुसतं टेकवलं तरी लॉक होत असेल तर कंट्रोल्समध्ये ब्रेक गॅमा वाढवा, पहिला टप्पा मऊ होतो.

सरळ ब्रेक जमला की मगच वळायचं. टायरकडे पकड एकच, तीच ब्रेकला वापरायची आणि तीच वळायला. पूर्ण ब्रेक दाबून स्टिअरिंग फिरवलं तर गाडी सरळच जाणार, यात गेमचा काही दोष नाही. म्हणून स्टिअरिंग जितकं फिरेल तितका ब्रेक सुटत जायला हवा. पण खटकन सोडलात तर तेही वाईट, गाडीचं नाक वर उचलतं, पुढच्या टायरवरचं वजन जातं आणि नेमकं वळायच्या वेळी पुढची पकड गायब. वळता वळता ब्रेक असा हळूहळू सोडत जाण्यालाच ट्रेल ब्रेकिंग म्हणतात.

हे मला कितीही वाचून जमत नव्हतं. जमलं ते डाव्या पायामुळे. इथे ब्रेक डाव्या पायाने मारतात आणि मुंबईच्या ट्रॅफिकमध्ये मॅन्युअल गाडी चालवणाऱ्याच्या डाव्या पायाला ही हालचाल आधीच पाठ असते, क्लच कसा, झटकन खाली आणि सोडताना हळूहळू, नाहीतर गाडी गचका खाते. अगदी तसाच ब्रेक सोडा. फक्त क्लचसारखा तळाला आपटू नका, वर ठरवलेल्या खुणेपर्यंतच. आणि हो, ही सवय खऱ्या गाडीत नेऊ नका, रस्त्यावर ब्रेक उजव्याच पायाने.

गिअर उतरवायची घाई नको. वेग उतरायच्या आधीच दोन-तीन गिअर खाली पाडले की मागची चाकं लॉक होतात आणि गाडी गरकन फिरते, लोक म्हणतात ब्रेक बिघडला. ब्रेक आधी, गिअर त्याच्या मागून एकेक. तरीही मागचा भाग डोलत असेल आणि गाडीत ब्रेक बायस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांत ब्रेकची वाटणी, बदलता येत असेल तर थोडा पुढे घ्या.

आणि ते 'जितका उशिरा ब्रेक तितका फास्ट' सांगणाऱ्यांपासून चार हात लांब राहा. रेत्तिफिलोनंतर कुर्वा ग्रांदे या लांब वळणामधून थेट पुढच्या शिकेनपर्यंत गॅस दाबलेलाच असतो. आत शिरताना पाच मीटर वाचवून बाहेर पडताना गाडी अडखळली तर तो तोटा पुढे सगळा वेळ भरत बसायचा. 'शंभरच्या पाटीला मार', म्हणजे वळणाआधीच्या शंभर मीटरच्या पाटीला, हाही असाच सल्ला, कुठली गाडी, टाकीत पेट्रोल किती, टायर गरम की थंड, काही न विचारता दिलेला. आपली पाटी आपण शोधायची. लोड सेलचे पेडल जोर मोजतात, चांगलेच असतात, पण हे सगळं साध्या पेडलवर जमल्याशिवाय त्यात पैसे घालू नका.

बाकी गॅस हळू द्या आणि स्टिअरिंग सरळ होईल तसा वाढवा.

गेमच्या उणिवाही ऐकून ठेवा, नंतर मला शिव्या नकोत. करिअर मोड रटाळ आहे, सोडून द्या. कॉम्प्युटरच्या गाड्या आपल्याच रेषेवर चिकटून चालतात, तुम्ही बाजूला आहात हे त्यांच्या गावीही नसतं. मूळ गेममध्ये पाऊस नाही, रात्र नाही, त्यासाठी कंटेंट मॅनेजर आणि कस्टम शेडर्स पॅच ही बाहेरच्यांनी बनवलेली जोडणी टाकावी लागते. आयता पाऊस हवा तर 2019 चा असेटो कोर्सा कॉम्पेटित्सिओने घ्या, पण तिथे रोजच्या रस्त्यावरच्या गाड्या नाहीत. ऑनलाइन रेसला पहिल्या वळणावर हमखास ढीग होतो, मागून निघा आणि आरामात बाजूने जा.

व्हील सेकंडहँड घेणार असाल, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा ऑनलाइन कोणाकडून, तर विकणाऱ्याच्या लॅपटॉपवर लावूनच बघा. विंडोजमध्ये जॉय डॉट सीपीएल (joy.cpl), म्हणजे गेम कंट्रोलर तपासायची खिडकी, उघडायची, व्हील या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायचं, मग ब्रेक सावकाश दाबून सावकाश सोडायचा आणि शेवटी पाय पूर्ण काढून घ्यायचा. पाय नसतानाही ब्रेकची दांडी थरथरत असेल तर पेडल किती दाबलंय ते मोजणारा आतला पोटेन्शिओमीटर बहुतेक धूळ खाऊन बसलाय. साफ करता येतो, पण भाव त्या हिशोबाने पाडा. 'ड्रायव्हर टाकला की नीट होईल' असं तो म्हणाला तर उठा तिथून.