दोरा, नट आणि सातवीचा वर्ग

मुलांना स्वतः शोध घ्यायला शिकवायचं असेल, तर सातवीत मी लंबकापासून सुरुवात करते. जाड शिवणदोरा, पट्टी, तारेचा छोटा हुक, सायकलच्या दुकानातले एकाच मापाचे चार नट आणि मोबाइलचं स्टॉपवॉच. चौघांच्या गटाला एवढं पुरतं.

आधी फळ्यावर प्रश्न: नट वाढवले तर झोक्याला जास्त वेळ लागेल, कमी, की तेवढाच? प्रत्येकाने अंदाज आणि त्याचं कारण वहीत पेनने लिहायचं. ही पायरी गाळू नका. अंदाज लिहिलेला नसला की निकाल दिसल्यावर सगळेच "मला माहीतच होतं" म्हणतात.

दोरा बाकाच्या कडेला पक्का चिकटवा. तिथपासून नटाच्या मध्यापर्यंत 25 सेंटिमीटर मोजा. नट थोडासाच बाजूला नेऊन सोडायचा, ढकलायचा नाही. जाऊन परत आला की एक झोका. एका झोक्याचा वेळ हाताने नीट पकडता येत नाही, म्हणून दहा मोजायचे. सोडताना "शून्य" म्हणायचं. मुलं हमखास "एक" म्हणतात आणि झोके नऊच भरतात. दहा झोक्यांना साधारण 10 सेकंद लागायला हवेत.

आता चार नट. बरेच गट ते एकाखाली एक माळेसारखे बांधतात. मग वेळ वाढतो आणि "जड लंबक सावकाश झुलतो" असा निष्कर्ष वहीत जातो. लगेच दुरुस्त करू नका. "नट वाढवताना आणखी काय बदललं?" एवढंच विचारा आणि थांबा. कुणीतरी पट्टी लावतंच. माळेमुळे लंबकाची लांबीही वाढली, हे त्यांचं त्यांना सापडलं की एका वेळी एकच गोष्ट बदलायची हे वेगळं शिकवावं लागत नाही. मग चारही नट एकाच हुकात अडकवायचे. वेळ जवळपास तेवढाच येतो.

प्रत्येक मापन तीनदा घ्या. वेगळा आलेला आकडा खोडायचा नाही. त्याभोवती गोल करून शेजारी संभाव्य कारण लिहायचं. मी वही तपासताना आधी हे गोल बघते.

शेवटी दाराच्या चौकटीला 100 सेंटिमीटरचा लंबक लावा, अर्थात अंदाज आधी. लांबी चौपट म्हणून बरीच मुलं 40 सेकंद लिहितात. येतात 20 च्या आसपास. सूत्र सांगण्याची घाई करू नका. दहा झोक्यांना 15 सेकंद हवेत तर लांबी किती, हे घरून शोधून आणायला सांगा. उत्तर 56 सेंटिमीटरच्या जवळपास येतं, पण गुण द्या ते तिथवर कसे पोचले त्याच्या नोंदींना.