ऑटोक्रॉसला जाताय? आधी हवा, मग शॉकअप

नाशिकला अंबडमध्ये माझं व्हील अलाइनमेंटचं दुकान आहे. ऑटोक्रॉस म्हणजे मैदानात आखलेल्या वळणावळणाच्या मार्गावर गाडी वेळ लावून पळवायची शर्यत. हिवाळा लागला की स्विफ्ट, पोलो घेऊन पोरं येतात आणि प्रश्न ठरलेला: "काका, लोअरिंग स्प्रिंग (गाडी खाली बसवणाऱ्या) कुठल्या टाकू?" मी विचारतो, आत्ता चाकात हवा किती आहे? की सगळे एकमेकांकडे बघतात. म्हणून फुकटात होणारं काम आधी सांगतो.

स्वतःचं गेज घ्या. पंपावरच्या गेजमध्ये आणि तुमच्यात दोन पीएसआयचा (हवेच्या दाबाचं माप) फरक सहज पडतो, आणि इथे सगळा खेळच दोन पीएसआयचा आहे. मोजायचं टायर गार असताना. नाशिकची थंडी धरूनच चाला: पहाटे १० अंश, दुपारी २८. दर ५-६ अंशांना साधारण १ पीएसआय वाढतो, म्हणजे गाडी जागची न हलता दुपारपर्यंत ३ वाढले. त्यामुळे घरी भरलेल्या आकड्यावर विसंबू नका, मैदानावर परत मोजा.

डांबरावर, साध्या रोड टायरला, पुढे ३६ आणि मागे ३४ पासून सुरुवात करा. मग टायरच्या कडेला, नक्षीपासून बाजूच्या भिंतीपर्यंत, खडूने तीन-चार जागी जाड रेघा मारा. एक फेरी मारून या आणि बघा. बऱ्याच टायरांवर कडेला छोटा त्रिकोण असतो. खडू तिथपर्यंत पुसला तर ठीक. त्याच्याही खाली पुसला असेल तर टायर वळणात दुमडतोय, २ पीएसआय वाढवा. नक्षीच्या कडेवरही खडू शिल्लक असेल तर हवा जास्त आहे, सोडा. लागोपाठ फेऱ्या झाल्या की टायर तापून आकडा ३-४ ने चढतो. तो दर वेळी खाली आणायचा.

मुरमावर खडूचा उपयोग नाही, धूळच सगळं पुसते. तिथे २६-२८ ठेवा. २४ च्या खाली मी कुणाला जाऊ देत नाही. दगडावर रिम आपटून टायर चिरतो, नाहीतर वळणात रिमवरून सुटतो. आणखी एक: पहिल्या गाड्या वरचा भुगा झाडून टाकतात, खाली कडक जमीन निघते. तुमचा नंबर उशिरा असेल तर पकड जास्त मिळेल, त्या हिशेबाने ब्रेक मारा.

पुढच्या चाकांवर चालणारी गाडी नाक सरळ काढते, वळत नाही. मागे २-३ पीएसआय वाढवा, शेपूट मोकळी होते. फार घसरायला लागली तर परत काढा. एका वेळी एकच बदल, आणि तो वहीत लिहायचा.

आता सस्पेन्शन. आधी जॅक लावून चाक वर-खाली, डावं-उजवं हलवून बघा. बॉल जॉइंट, बुश, लिंक रॉड या जोडांत ढिलेपणा असेल किंवा शॉकअप तेल गाळत असेल तर सेटिंगच्या गप्पा नंतर. मग टो, म्हणजे वरून बघताना चाकांची तोंडं आत वळलेली की बाहेर: पुढची दोन्ही चाकं प्रत्येकी १ मिलिमीटर बाहेर, गाडी वळणात लगेच शिरते. हायवेला मात्र थोडी भटकते आणि टायर आतून झिजतात. कॅम्बर म्हणजे समोरून बघताना चाकाचा कल. स्विफ्टला तो कंपनीकडून बदलता येत नाही. कॅम्बर बोल्ट टाकून एखादा अंश उणे, म्हणजे चाकाचा माथा आत, मिळतो, डांबरावर तेवढा कामाचा. त्यानंतर टो परत बघावाच लागतो, तो हलतोच.

लोअरिंग स्प्रिंगचं उत्तर: मुरमावर नकोच. गाडी खाली आली की स्ट्रट (पुढचा शॉकअप) लगेच बंप स्टॉपवर, म्हणजे शेवटच्या रबरावर, टेकतो आणि पुढची पकड एकदम जाते. ॲडजस्टेबल शॉकअप असतील तर सगळे मऊ करून सुरुवात करा, कडकपणाच्या नॉबचे क्लिक मोजत चढा. गाडी वळत नसेल तर आधी मागचे दोन क्लिक कडक.

फेरीआधी स्टेपनी, जॅक, पायपुसणी गाडीतून काढून ठेवा. चाकांचे नट टॉर्क रेंचने आवळा. आणि घरी निघताना हवा दाराच्या पट्टीवरच्या स्टिकरप्रमाणे करून घ्या. २६ वर मुंबई-आग्रा हायवेला गाडी पळवलीत तर टायर तापून फुटू शकतो.