घड्याळात ऑक्सिजन कमी दिसतोय? घाबरण्याआधी या चुका टाळा

गेल्या डिसेंबरात पहाटे साडेपाचला आईने मला हलवून उठवलं. "अरे, हे बघ, ८६ दाखवतंय." आवाज ठणठणीत, धाप नाही, ओठ गुलाबी. हात मात्र बर्फासारखे. घड्याळ बांगड्यांच्या पुढे घसरून थेट मनगटाच्या हाडावर बसलेलं आणि पट्ट्याखालून माझं बोट आरामात आत जात होतं. बांगड्या कोपराकडे सारल्या, घड्याळ हाडाच्या दोन बोटं वर घट्ट बांधलं, तळहात चोळून गरम केले आणि घडी केलेल्या शालीवर हात टेकवून तिला पाच मिनिटं शांत बसवलं. आकडा आला ९६.

हा फरक कशाने पडला? घड्याळाच्या पाठीवरून लाल आणि इन्फ्रारेड असे दोन प्रकाश कातडीत जातात. ऑक्सिजन घेतलेलं हिमोग्लोबिन लाल प्रकाश कमी शोषतं आणि इन्फ्रारेड जास्त. नाडीच्या प्रत्येक ठोक्याला रक्त वाढतं-ओसरतं, त्यावरून घड्याळ टक्केवारी काढतं. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरमध्ये प्रकाश आरपार जातो. मनगटावर मात्र परतून आलेल्या क्षीण उजेडावरच सगळी भिस्त असते. हात गार असला तर कातडीखालचं रक्त आटतं, पट्टा सैल असला तर बाहेरचा उजेड आत शिरतो, हाडावर बसलं तर काच नीट टेकतच नाही. म्हणून सेटिंग चाळण्याआधी हात बघा. पट्टा मापापुरता घट्ट करा, पण वळ उठतील इतका आवळू नका. मोजताना बोलणं, मूठ वळणं, हात लोंबता ठेवणं टाळा. अ‍ॅपल वॉचला मोजायला १५ सेकंद लागतात, तेवढा वेळ काच वर करून हात टेबलावर सपाट ठेवा. मनगटावर गडद गोंदण असेल तर दुसऱ्या हातात बांधून बघा. मागची काच घामाने, तेलाने माखलेली असते, तीही पुसून घ्या.

रात्रीच्या आलेखातला एखादा खड्डा बहुधा हात अंगाखाली दबल्याचा असतो. पण रोजच खड्डे पडत असतील, जोडीला मोठं घोरणं आणि दिवसा पेंग असेल, तर तो आलेख डॉक्टरांना दाखवा. झोपेत श्वास अडकण्याचा आजार असा लक्षात येऊ शकतो.

अमेरिकेतल्या नातेवाइकांनी आणलेल्या अ‍ॅपल वॉचची गोष्ट वेगळी. पेटंटच्या वादामुळे जानेवारी २०२४ पासून तिथे विकलेल्या घड्याळांत ही सोय बंद होती. ऑगस्ट २०२५ च्या अपडेटनंतर सिरीज ९, सिरीज १० आणि अल्ट्रा २ मध्ये ती परत आली, पण हिशेब आयफोनवर होतो आणि आकडा हेल्थ अ‍ॅपमध्ये श्वसनाच्या विभागात दिसतो. घड्याळात शोधत बसलात तर सापडायचा नाही. फोन आणि घड्याळ दोन्ही अपडेट करा.

अगदी स्वस्त घड्याळ असेल तर मोजताना ते उचलून मागे बघा. फक्त हिरवा दिवा लुकलुकत असेल, तर त्या टक्केवारीवर मी तरी विश्वास ठेवणार नाही. हिरवा दिवा नाडी मोजण्यासाठी असतो.

आकडा पटला नाही तर बोटाच्या ऑक्सिमीटरवर ताडून बघा, नेलपॉलिश काढून. निरोगी माणसाचा आकडा साधारण ९५ ते १०० असतो. तिथेही पुन्हापुन्हा ९४ च्या खाली येत असेल तर डॉक्टरांकडे जा. धाप लागत असेल, ओठ निळसर दिसत असतील किंवा माणूस असंबद्ध बोलत असेल, तर आकडा कितीही असो, थांबू नका.

उलटी चूक जास्त घातक, आणि तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं: आकडा चांगला दिसला म्हणून निर्धास्त राहणं. रक्तात हिमोग्लोबिनच कमी असेल तरी टक्केवारी ९८ येते, कारण आहे तेवढं हिमोग्लोबिन भरलेलं असतं. त्याहून भयंकर म्हणजे बंद बाथरूममधला गॅस गिझर. त्यातून कार्बन मोनॉक्साइड साचला, तर तो हिमोग्लोबिनला चिकटतो आणि साध्या ऑक्सिमीटरला तो ऑक्सिजनसारखाच दिसतो. माणूस बेशुद्धीकडे चाललेला असतानाही आकडा ९९ असू शकतो. आंघोळ करताना कुणाला चक्कर आली, डोकं दुखू लागलं, मळमळलं, तर गॅस बंद करा, दार-खिडक्या उघडा, माणसाला मोकळ्या हवेत आणा आणि १०८ ला फोन लावा. त्या वेळी मनगटाकडे बघूच नका.