सतत मागे लागणारा बॉस: या चुका टाळा, नाहीतर पकड आणखी घट्ट होईल

‘कुठवर आलं?’ हा प्रश्न एका दिवसात चौथ्यांदा आला की बहुतेकांच्या मनात एकच येतं: आता याला काही सांगायचंच नाही, काम संपलं की एकदम समोर ठेवू. वैताग समजण्यासारखा आहे. पण बारीकसारीक गोष्टीत लक्ष घालणाऱ्या बॉसच्या हाताखाली काम करताना होणारी सगळ्यात महागडी चूक हीच.

उठसूट विचारणाऱ्या बॉसला बहुतेक वेळा तुमच्या कामात फारसा रसच नसतो. काहीतरी हुकेल आणि ते आपल्याला सगळ्यांत शेवटी कळेल, ही त्याची धास्ती असते. तुम्ही गप्प बसलात की ती वाढते. मग फोन वाढतात, प्रत्येक मेलमध्ये सीसी करायची सक्ती येते, रोजच्या शीटमध्ये एक नवा रकाना उगवतो. तुम्ही आणखी मिटता, तो आणखी उकरत बसतो. हे थांबवायची जबाबदारी खरं तर वरच्या माणसाची. पण तो थांबवणार नाही, म्हणून सुरुवात आपल्याला करावी लागते.

त्यासाठी आधी तो कधी विचारतो ते आठवडाभर बघा. त्याला वेळापत्रक असतं. त्याच्या वरिष्ठांशी होणाऱ्या मीटिंगच्या आधी, क्लायंटच्या कॉलच्या आधी, आठवड्याच्या पहिल्या सकाळी. ती वेळ सापडली की तिच्या अर्धा तास आधी तुमचा निरोप गेला पाहिजे. तीन ओळी पुरतात: काय झालं, पुढे काय, कुठे अडलंय. ‘आकडे जुळवून झाले. आलेख उद्या दुपारपर्यंत. खरेदी विभागाची एक फाइल अजून आलेली नाही, आज पुन्हा मागवली आहे.’ एवढंच. तिसरी ओळ टाळायचा मोह होतो, पण तिच्यामुळेच बाकीच्या दोन ओळींवर विश्वास बसतो. ज्याच्या कामात कधीच काही अडत नाही, त्याच्याकडे बॉस जास्त संशयाने बघतो.

वेळ आणि साचा ठरला की पहिले दोन-तीन आठवडे एकदाही चुकवू नका. एक दिवस राहिला की ‘कुठवर आलं?’ परत हजर. आणि दुसऱ्या टोकालाही जाऊ नका. दिवसाला दहा निरोप पाठवणारा माणूस आपल्याच हाताने बॉसला दहा निरोपांची सवय लावत असतो.

सगळ्या बॉसना एकच औषध

नुकताच बढती मिळालेला बॉस कालपर्यंत तुमचंच काम करत होता. काम कसं करायचं ते त्याला येतं, करून कसं घ्यायचं ते अजून येत नाही. त्याला सल्ला विचारा, तो खुलतो आणि हळूहळू हात काढून घेतो. दुसऱ्या प्रकारच्या बॉसला वरून कोणीतरी तासातासाला झापत असतं. त्याला तुमच्याकडून तयार उत्तर हवं असतं, जे तसंच्या तसं वर ढकलता येईल. तिसऱ्याचे कधीतरी हात पोळलेले असतात. कुठला आकडा चुकल्यामुळे ते झालं हे जुन्या सहकाऱ्याकडून कळलं, तर तो आकडा तपासून आधीच समोर ठेवता येतो.

आता कडू प्रश्न. तो हे सगळ्यांशी करतो की फक्त तुमच्याशी? सगळ्यांशी असेल तर त्याचा स्वभाव. फक्त तुमच्याशी असेल, तर शेवटची पाच-सहा कामं काढून बघा. तारखा हुकल्या होत्या का? चूक तुम्हाला आधी दिसली की त्याला? याचं उत्तर नकोसं निघालं तर बाकीचे उपाय बाजूला ठेवा आणि सरळ विचारा, ‘सर, माझ्या कामात तुम्हाला नेमकं काय तपासावं लागतं? तेवढं मी आधीच बघून देईन.’ हा प्रश्न विचारायला धाडस लागतं, पण उत्तर जवळजवळ नेहमीच ठोस मिळतं.

प्रत्येक तपासणी म्हणजे बॉसची ढवळाढवळ, असंही नाही. बँकेत एकाने केलेली नोंद दुसऱ्याने मंजूर करायची असते, या पद्धतीला मेकर-चेकर म्हणतात. इस्पितळांत जोखमीची काही औषधं देण्याआधी दोघांनी तपासायची पद्धत असते. नव्या नोकरीत पहिले काही महिने काम बारकाईने पाहिलं जाणं हाही शिकवण्याचाच भाग. त्यावर रुसण्यात अर्थ नाही.

‘माझ्यावर विश्वास ठेवा’ असं म्हणणं

हे वाक्य सहसा भांडणाच्या सुरात येतं आणि त्यावर बॉसला करण्यासारखं काहीच नसतं. विश्वास मागून मिळत नाही, पण एखादं काम मागता येतं. त्यामुळे मागणी छोटी आणि तारखेसकट करा: ‘मॅडम, या अहवालाचा आराखडा मंगळवारी दाखवेन, पूर्ण मसुदा शुक्रवारी. मधलं माझ्यावर सोडा, अडलं तर त्याच दिवशी कळवेन.’ यात तिच्या हाती दोन तारखा आहेत आणि तुमच्या हाती मधले दोन दिवस. हे एकदा पार पडलं की पुढच्या वेळी तीन दिवस मागा.

आणखी एक, ज्याकडे फार लोक दुर्लक्ष करतात. ओळीओळीला लाल रेघा मारणाऱ्या बॉसचं मूळ पुष्कळदा कामाच्या पहिल्या दिवशी असतं. काय हवं ते त्याने अर्धवट सांगितलेलं असतं आणि आपण मान डोलावून जागेवर आलेलो असतो. उठण्यापूर्वी चार गोष्टी विचारून घ्या: हे शेवटी कोण वाचणार, किती पानांत हवं, कुठली गोष्ट चुकलेली चालणारच नाही आणि आधीच्या कुठल्या कामासारखं हवं. यातला शेवटचा प्रश्न सोन्यासारखा. बॉसला आपल्या मनातलं शब्दांत सांगता येत नाही, जुना नमुना मात्र लगेच दाखवता येतो.

कच्चं काम लवकर दाखवणं चांगलं, पण काय बघायचं तेही सांगा. ‘मुद्द्यांचा क्रम बरोबर आहे का तेवढं बघा, भाषा अजून पक्की नाही’ असं न सांगता मसुदा पुढे केलात, तर स्वल्पविराम दुरुस्त होऊन येतील आणि तुमचा राग पुन्हा चढेल.

‘तुम्ही सांगाल तसं’

थकलेली माणसं शेवटी इथे येऊन थांबतात. डोकं बाजूला ठेवायचं, सांगितलं तेवढं करायचं, चूक झाली तर त्याची. वरवर पाहता हा सगळ्यांत सुरक्षित रस्ता वाटतो. प्रत्यक्षात बॉसची समजूत पक्की होते की त्याच्याशिवाय इथे कोणी विचारच करत नाही.

शिवाय हे तब्येतीलाही परवडत नाही. रॉबर्ट कॅरासेक या संशोधकाने १९७९ मध्ये मांडलेलं प्रारूप आजही वापरलं जातं: कामाचा रेटा जास्त आणि कामावर स्वतःचा ताबा कमी, ही जोडी माणसाला सगळ्यांत जास्त थकवते. लंडनमधल्या सरकारी कर्मचाऱ्यांचा ‘व्हाइटहॉल २’ हा दीर्घ अभ्यास १९८५ मध्ये सुरू झाला. त्यातल्या दहा हजारांहून अधिक लोकांच्या माहितीवरून १९९७ मध्ये असं दिसलं, की ज्यांचा आपल्या कामावर ताबा कमी होता, त्यांच्यात हृदयविकाराचं प्रमाण जास्त होतं. ‘पगार मिळतोय ना, मग सोड’ हा सल्ला म्हणूनच मला पटत नाही. एखादा कोपरा तरी स्वतःच्या ताब्यात ठेवा, मग ती कामांचा क्रम ठरवण्याइतकी क्षुल्लक गोष्ट का असेना. आणि बॉसकडे जाताना नुसता प्रश्न नेऊ नका. दोन पर्याय न्या आणि त्यातला तुम्हाला कुठला बरा वाटतो तेही सांगा.

रात्री अकरालाही लगेच उत्तर

दोन मिनिटांत उत्तर येतं हे कळलं की तो अकरालाच विचारत राहणार. पण अचानक मौन धरलं तर पहिल्या चुकीवर परत आलो. आधी सांगून ठेवा: ‘आठनंतरचे निरोप सकाळी सगळ्यांत आधी बघेन. तातडीचं असेल तर फोन करा.’ निरोप टाइप करायला काही लागत नाही, फोन लावायला मात्र माणूस क्षणभर विचार करतो. त्या क्षणात बरीचशी तातडी विरून जाते.

कॅन्टीनमधल्या नकला, त्याच्या वरिष्ठांना गुपचूप सीसी करणं, भर मीटिंगमध्ये ‘तुम्हीच तर काल असं सांगितलं होतं’ म्हणणं, याबद्दल जास्त लिहायची गरज नाही. यातलं काहीही त्याच्या कानावर जायचं राहत नाही. तोंडी सूचना रोज बदलत असतील तर बोलणं संपताच दोन ओळींचा मेल करा, ‘आत्ता ठरलं त्याप्रमाणे अमुक करायला घेत आहे.’ वाद घालावा लागत नाही आणि पुढच्या वेळी बदल करताना तो स्वतःच जरा थबकतो.

तरीही काही बदलत नसेल तर

या सगळ्याला तीन महिने द्या. त्याहून कमी वेळात सवयी बदलत नाहीत. त्याहून जास्त वेळ देऊन त्या बदलतील, असंही मला वाटत नाही.

पण चारचौघांत पाणउतारा, फक्त तुमच्याच येण्या-जाण्यावर पाळत, आधी एक सांगून नंतर दुसऱ्याच गोष्टीसाठी दोष देणं, असं चालू असेल तर हा काळजीपोटी नाक खुपसणारा बॉस नाही. हा छळ आहे आणि रोजच्या तीन ओळींनी तो थांबत नाही. इथे तीन महिने थांबू नका. तारीख, वेळ, काय बोललं गेलं आणि तिथे कोण होतं, याची आपल्यापुरती नोंद ठेवा. कंपनीच्या फाइली मात्र घरी नेऊ नका, उलट तुमच्यावरच कारवाई व्हायची. तक्रारीचे लेखी नियम वाचा आणि मगच एचआरकडे जा. तिथे ‘तो फार त्रास देतो’ यापेक्षा तारखांसकट सांगितलेले पाच प्रसंग जास्त काम करतात.

बदली मागणं किंवा नोकरी सोडणं यात कमीपणा काही नाही, फक्त एका जाचातून निघून दुसऱ्यात पडू नका. मुलाखतीत ‘तुमचे काही प्रश्न आहेत का?’ असं विचारतात, तेव्हा होणाऱ्या बॉसला विचारा, ‘अलीकडे तुम्ही टीममधल्या कोणावर पूर्णपणे सोपवलेलं काम कोणतं?’ तो लगेच एखाद्याचं नाव घेऊन त्याने काय केलं ते सांगू लागला, तर चांगलं. तो अडखळला, किंवा उत्तरभर ‘मी’च येत राहिला, तर ऑफर लेटरवर सही करण्याआधी त्या टीममधल्या एखाद्याला गाठा आणि एवढंच विचारा, की तिथे साधा मेल बाहेर जाण्याआधी कितीजणांच्या नजरेखालून जातो.